वाटावे, पण नाव पुसू नये

विद्याधन दिल्याने वाढते, हे वाक्य मी गेली तीस वर्षे शाळेच्या फळ्यावर लिहीत आलो आहे. परंतु देणाऱ्याचीही काही अट असू शकते, आणि ती अट मोडून पुढे केलेले दान हे दान राहत नाही, हा धडा मात्र मला वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी माझ्याच एका माजी विद्यार्थ्याकडून शिकावा लागला. प्रसंग लहानसा आहे, आणि त्यात दोष सर्वस्वी माझा आहे. तरीही तो येथे सांगतो, कारण आपल्यापैकी अनेक मंडळे, वाचनालये आणि शाळा आज नेमक्या त्याच वाटेवरून चालत आहेत.

बेळगाव जिल्ह्यातील आमच्या सरकारी मराठी शाळेला पन्नास वर्षे पूर्ण होत होती. माजी विद्यार्थ्यांनी वर्गणी गोळा केली आणि प्रत्येक मुलाला काही उपयोगी भेट द्यावी असे ठरले. पाटी-दप्तराचे दिवस गेले. तेव्हा १२० पेनड्राइव्ह घ्यावेत आणि त्यांत मुलांच्या उपयोगाच्या संगणकीय आज्ञावली भरून द्याव्यात, अशी सूचना पुढे आली व सर्वांना पसंत पडली. लेखनासाठी ‘लिबरऑफिस’, चित्रांसाठी ‘टक्स पेंट’, लहान मुलांच्या खेळांसाठी ‘जीकॉम्प्री’, एक विषाणूरोधक आज्ञावली आणि मराठी मजकूर सुबक दिसावा म्हणून एक देखणा टाइप, असा संच तयार झाला. यातील बहुतेक सर्व ‘फ्री’ असल्याने पैशांचा प्रश्नच नव्हता.

आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी मुखपृष्ठासारखे एक चित्र काढले. त्यावर शाळेची इमारत, खाली सुवर्णमहोत्सवाचे वर्ष आणि त्याखाली माझ्या सांगण्यावरून ‘निर्मिती’ या शब्दापुढे शाळेचे नाव. प्रत्येक आज्ञावलीबरोबर इंग्रजी मजकुराच्या काही लांबलचक फायली होत्या. मुलांना त्यांचा काय उपयोग, असे म्हणून त्या काढून टाकण्याचा आदेशही मीच दिला.

गणपतीच्या सुटीत पुण्याहून आलेला एक माजी विद्यार्थी मला भेटावयास शाळेत आला. तो एका संगणक कंपनीत नोकरीस आहे. मी मोठ्या अभिमानाने त्याच्या हाती एक पेनड्राइव्ह ठेवला. त्याने तो लावून पाहिला, बराच वेळ काही बोलला नाही, आणि मग अडखळत म्हणाला, “सर, राग मानू नका. पण हे असं वाटता येत नाही.”

“का रे? फुकट आहे ना सगळं?” मी विचारले.

“फुकट नाही सर, मुक्त आहे. आणि सगळं तेही नाही. शिवाय ज्यांनी हे केलं त्यांची नावं आपण पुसलीत की हो.”

मराठीचा पदव्युत्तर अभ्यास केलेल्या माणसाला दोन मराठी शब्दांतील भेद विद्यार्थ्याने समजावून द्यावा, याची लाज वाटली खरी. पण कुतूहलही जागे झाले. त्या संध्याकाळपासून पुढील दोन-तीन महिने मी या विषयाच्या मागे लागलो. त्यातून जे हाती आले ते असे.

दोन शब्दांचा घोटाळा

इंग्रजीतील ‘फ्री’ या शब्दात दोन अर्थ एकत्र नांदतात : विनामूल्य आणि स्वतंत्र. आपल्या भाषेत त्यांसाठी दोन निराळे शब्द आहेत, ही आपली सोय. काही आज्ञावली केवळ फुकट असतात. त्यांचा कर्ता म्हणतो, ‘घरी वापरा, पैसे देऊ नका, पण दुसऱ्याला वाटू नका, आत काय आहे ते पाहू नका.’ आमच्या संचातील विषाणूरोधक आज्ञावली या जातीची निघाली. ती घरगुती वापरापुरती विनामूल्य होती. ती वाटण्याची परवानगी कंपनीने कोणास दिलेली नव्हती.

मुक्त आज्ञावलीची गोष्ट निराळी. तिच्या कर्त्याने चार स्वातंत्र्ये लेखी दिलेली असतात : कोणत्याही हेतूने वापरण्याचे, आतील रचना अभ्यासून गरजेप्रमाणे बदलण्याचे, प्रती वाटण्याचे, आणि सुधारलेली आवृत्ती इतरांना देण्याचे. गंमत म्हणजे अशी आज्ञावली पैसे घेऊन विकताही येते. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये ‘लिनक्स’ प्रथम प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्या वाटपासाठी पैसे घेण्यास त्याने मनाई केली होती. १९९२ मध्ये त्याने ती अट काढून ‘जीपीएल’ या नावाने ओळखला जाणारा परवाना स्वीकारला. तबकड्या तयार करून, छापील माहितीसह विकणाऱ्यांना त्यामुळे वाट मोकळी झाली आणि लिनक्स जगभर पसरली. फुकट असण्याची अट काढल्याने ती अधिक मुक्त झाली, असे म्हणावयास हरकत नाही.

हा परवाना रचणारे गृहस्थ म्हणजे अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन. एमआयटीच्या प्रयोगशाळेत ते काम करीत असताना तेथे एक नवे मुद्रणयंत्र आले. कागद अडकला की दूर बसलेल्यांना सूचना मिळावी, अशी सुधारणा जुन्या यंत्राच्या आज्ञावलीत स्टॉलमन यांनी केली होती. पण नव्या यंत्राच्या आज्ञावलीची मूळ संहिता कोणी दाखवीना. ज्याच्यापाशी ती होती, त्याने ती न देण्याचा करार केलेला होता. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली आणि जानेवारी १९८४ मध्ये नोकरी सोडली. नोकरीत राहून लिहिलेल्या आज्ञावलींवर संस्थेने हक्क सांगू नये, हे त्या राजीनाम्याचे एक कारण होते. १९८९ मध्ये जीपीएल परवान्याची पहिली आवृत्ती, १९९१ मध्ये दुसरी आणि २००७ मध्ये तिसरी प्रसिद्ध झाली.

या परवान्यातील युक्ती मोठी चतुर आहे. स्टॉलमन यांनी कॉपीराइट सोडून दिला नाही. तो हाती ठेवूनच त्यांनी सांगितले, ‘माझ्या हक्कामुळे जी गोष्ट तुम्हांस करता आली नसती, ती करण्याची मी परवानगी देतो, मात्र तुम्हीही पुढच्याला हीच परवानगी दिली पाहिजे.’ कुलपे करणाऱ्या लोहाराकडूनच दार उघडे राहील अशी कडी करून घ्यावी, तसा हा प्रकार आहे.

आगगाडीच्या खेळण्याचा खटला

परंतु अशा परवान्यातील अट कोणी मोडली तर न्यायालय काय करील? वस्तूची किंमतच शून्य, तर नुकसानभरपाई कशाची मागायची? हा प्रश्न अमेरिकेत एका खेळण्याच्या निमित्ताने धसास लागला.

रॉबर्ट जेकबसन हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक. त्यांना छोट्या आगगाड्यांचा छंद. या खेळण्यातील इंजिनांत एक चिप असते आणि तिला संगणकावरून आज्ञा देता येतात. निरनिराळ्या कारखान्यांच्या चिपांची माहिती जेकबसन यांनी आणि त्यांच्यासारख्याच छांदिष्ट मंडळींनी चिकाटीने गोळा केली, तिच्या फायली बनविल्या आणि त्या एका मुक्त परवान्याखाली सर्वांना दिल्या. त्या परवान्याचे नाव ‘आर्टिस्टिक लायसन्स’. मॅथ्यू कॅट्झर नावाचे एक गृहस्थ याच क्षेत्रात आज्ञावलींचा व्यापार करीत. त्यांनी आपल्या पेटंटचा भंग झाल्याचे सांगून जेकबसन यांच्याकडे दोन लाख डॉलरांहून अधिक रकमेची मागणी केली. प्राध्यापकमहाशयांनी २००६ मध्ये उलट न्यायालयात धाव घेतली. त्या ओघात असे उघडकीस आले की, कॅट्झर यांच्या विक्रीच्या आज्ञावलीत या छंदी मंडळींच्या फायली शिरलेल्या आहेत. मूळ लेखकांची नावे, कॉपीराइटची सूचना, परवान्याचा उल्लेख, मूळ स्थानाचा निर्देश आणि कोणते बदल केले याची नोंद, यांपैकी काहीही त्यात ठेवलेले नव्हते.

हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. आमच्या १२० पेनड्राइव्हमधून आम्ही काढून टाकलेल्या वस्तूंची यादी जवळजवळ हीच होती.

खालच्या न्यायालयाने ऑगस्ट २००७ मध्ये म्हटले की, वापरण्याची परवानगी तर सर्वांनाच आहे. नाव न ठेवणे हा फार तर करारभंग ठरेल, कॉपीराइटचा भंग नव्हे. यातील मेख अशी की, करारभंगाला सामान्यतः पैशांची भरपाई मिळते. आणि फुकट दिलेल्या वस्तूची भरपाई जवळजवळ शून्य. म्हणजे मुक्त परवान्यातील अट ही केवळ विनंती होऊन बसली असती.

१३ ऑगस्ट २००८ रोजी वरिष्ठ न्यायालयाने हा निर्णय फिरविला. परवान्यात ‘अमुक केल्यास परवानगी आहे’ असे शब्द आहेत, तेव्हा अमुक करणे ही परवानगीची पूर्वअट आहे; अट मोडली की परवानगीच उरत नाही, आणि परवानगीवाचून केलेली प्रत हा कॉपीराइटचा भंग ठरू शकतो, असे न्यायालयाने सांगितले. पैशांचा व्यवहार झाला नाही म्हणून लेखकाचे हित नाही असेही नव्हे. नावलौकिक, कामात नव्या लोकांची भर आणि सुधारणा परत मिळणे हेही त्याचे लाभच आहेत, असे त्या निकालाचे तात्पर्य. पुढे फेब्रुवारी २०१० मध्ये समेट झाला आणि कॅट्झर यांनी एक लाख डॉलर देण्याचे मान्य केले.

आपल्या भाषेत सांगायचे तर, एखाद्याने रस्त्याकडेला विहीर बांधली आणि शिळेवर लिहिले, ‘कोणीही पाणी भरावे, मात्र ही शिळा हलवू नये.’ पाणी फुकट आहे म्हणून शिळा उपटण्याचा अधिकार कोणास मिळत नाही. तत्पूर्वी २००४ मध्ये जर्मनीतील म्यूनिकच्या न्यायालयानेही, हॅराल्ड वेल्टे यांनी आणलेल्या दाव्यात, जीपीएल परवान्याच्या अटी बंधनकारक असल्याचे मान्य केले होते.

आपल्याकडील कायदा

आपल्या देशात १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. १९८४ आणि १९९४ च्या दुरुस्त्यांनी संगणकीय आज्ञावलीला त्यात पक्के स्थान मिळाले, आणि तेही कोठे, तर ‘साहित्यकृती’च्या व्याख्येत! कादंबरी, निबंध आणि आज्ञावली कायद्याच्या एकाच पंक्तीला बसल्या आहेत. मराठीचा शिक्षक म्हणून मला याचे हसू आले आणि थोडे बरेही वाटले. साहित्यकृतीचा हक्क लेखकाच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पूर्वी ही मुदत ५० वर्षे होती. रवींद्रनाथांच्या साहित्याची मुदत संपत आल्यामुळे १९९२ मध्ये ती वाढविण्यात आली. तेव्हा ‘जुनी आज्ञावली आहे, आता कोण विचारतो?’ ही समजूत खोटी आहे. जगात अजून बहुतेक एकाही आज्ञावलीची मुदत संपण्याइतका काळ गेलेला नाही.

विकत घेतलेल्या आज्ञावलीची एक प्रत जपणुकीसाठी काढून ठेवण्यास कायद्याची हरकत नाही. परंतु चोरीची आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरली, तर कलम ६३ ब खाली किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. व्यापारी लाभाचा हेतू नसेल तर न्यायालय कारावास टाळून ५० हजारांपर्यंत दंड करू शकते. ‘आम्ही नफ्यासाठी करीत नाही’ या सबबीने गुन्हा सौम्य होतो, नाहीसा होत नाही.

आमच्या संचातील मराठी टाइप या कलमाच्या जवळपास पोहोचलेला होता. एका छापखानेवाल्या मित्राने तो स्वतःच्या एका यंत्रापुरता विकत घेतला होता आणि प्रेमाने आम्हांला दिला होता. अक्षरे कोणाच्या मालकीची कशी असतील, असे आपल्याला वाटते. अक्षरे सर्वांचीच आहेत, पण टाइपाची फाईल ही कोणाची तरी मेहनत आहे. विंडोजबरोबर येणारा, प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला ‘मंगल’ हा टाइप लाखो मराठी माणसे रोज वापरतात. तोदेखील दुसऱ्याला वाटण्याची परवानगी त्याबरोबर मिळत नाही.

आणखी एक बारकावा. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, निराळा करार नसल्यास, मालक असतो. सरकारी कामातील कृतीचे मालक सरकार. म्हणजे आमच्यासारख्या शिक्षकाने कर्तव्याचा भाग म्हणून एखादी आज्ञावली लिहिली, तर ती मुक्त करण्याचा अधिकार त्याच्या एकट्याच्या हाती नाही. स्टॉलमन यांनी राजीनामा का दिला, हे मला येथे उमगले. याउलट विद्यार्थी हा नोकर नव्हे. त्याची कृती त्याचीच. आमच्या सातवीतील एका मुलीने पाढ्यांच्या सरावाची छोटीशी आज्ञावली केली होती आणि ती मी तिला न विचारताच संचात घातली होती. मूल अज्ञान असल्याने त्याच्या वतीने पालकांची संमती हवी, हे माझ्या ध्यानीही आले नव्हते.

वकीलमंडळींत एका मुद्द्यावर मतभेद आहेत, तोही सांगतो. आपल्या कायद्यानुसार हक्काच्या लेखी हस्तांतरात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे, आणि प्रदेश लिहिला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. परवान्यांनाही हे नियम आवश्यक त्या फेरफारांसह लागू होतात. मग मुदतीचा उल्लेख नसलेल्या जुन्या मुक्त परवान्यांचे काय? जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीत कॉपीराइट असेपर्यंत परवानगी राहील असे स्पष्ट लिहिले आहे. दुसरीत तसे नाही. ज्याला स्वतःची कृती मुक्त करायची आहे त्याने मुदत आणि प्रदेश दोन्ही स्पष्ट सांगणारा परवाना निवडावा, हे शहाणपणाचे.

नाममुद्रा

हे सारे वाचताना मला वारंवार आपल्या अभंगांची आठवण होत होती. शतकानुशतके ते कोणीही उतरून घ्यावे, कोणीही गावे, त्यासाठी कोणी कोणाकडे दाम मागितला नाही. तरीही अखेरच्या चरणातील नाममुद्रा गाणाऱ्याने कधी पुसली नाही. आणि जेथे कोणी स्वतःची रचना संतांच्या नावावर खपविली, तेथे ‘प्रक्षिप्त’ म्हणून ती वेगळी काढता काढता संशोधकांच्या पिढ्या खर्ची पडल्या. शके १५०६ मध्ये एकनाथमहाराजांनी ज्ञानेश्वरीच्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घुसडू नये, अशी ताकीदही दिली. मुक्त परवाने इतके कडक नाहीत. ते बदल करू देतात. पण बदल केला असेल तर तो कोणी केला हे लिहा, असा जीपीएलचा आग्रह आहे. त्यामागील चिंता तीच : मूळ कोणते आणि भर कोणती, हे वाचणाऱ्याला कळले पाहिजे.

चूक दुरुस्त झाली ती अशी

सुदैवाने पेनड्राइव्ह अजून कपाटातच होते. त्या माजी विद्यार्थ्याने दोन दिवस शाळेत बसून सर्व पुन्हा भरले. काढून टाकलेल्या इंग्रजी फायली जागच्या जागी आल्या. जीपीएल परवान्याच्या आज्ञावलींबरोबर त्यांची मूळ संहिताही देणे किंवा ती देण्याचे किमान तीन वर्षांचे लेखी आश्वासन देणे आवश्यक असते. आम्ही एका वेगळ्या कप्प्यात संहिताच भरून टाकली. ‘लिबरऑफिस’चा परवाना मोझिला पद्धतीचा, त्यासाठी संहिता कोठे मिळेल ते माहितीपत्रकात लिहिले. विषाणूरोधक आज्ञावली काढली. छापखान्याचा टाइप काढून त्याजागी मुंबईच्या ‘एक टाइप’ संस्थेचा ‘मुक्त’ हा टाइप घातला. तो टाइपांसाठी केलेल्या खुल्या परवान्याखाली आहे : वाटावा, वापरावा, बदलावा, मात्र सुटा टाइप विकू नये आणि कर्त्याने नाव राखून ठेवले असेल तर बदललेल्या टाइपाला ते देऊ नये. मुखचित्रावरील ‘निर्मिती’ हा शब्द खोडून तेथे ‘संकलन’ लिहिले. एका शब्दाचा फरक. परंतु आमचा सगळा अपराध त्या एका शब्दात होता.

पाढ्यांच्या आज्ञावलीसाठी मी त्या मुलीच्या घरी गेलो. वडील गवंडीकाम करतात. परवाना म्हणजे काय ते मी त्यांना जमेल तसे सांगितले. त्यांनी एकच प्रश्न विचारला, “पोरीचं नाव राहील ना सर?” राहील, म्हणालो. त्यांनी संमतिपत्रावर सही केली.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोवे येथील आपल्या मंडळांनी मुलांसाठी असे संच अवश्य वाटावेत. मराठी टिकविण्याच्या कामी त्यांचा फार उपयोग आहे. फक्त वाटण्यापूर्वी प्रत्येक वस्तूबद्दल तीन प्रश्न विचारावेत : ही वाटण्याची परवानगी लेखी आहे काय? तिच्या अटी कोणत्या? कर्त्याचे नाव आणि परवाना बरोबर जात आहे काय? तिन्ही उत्तरे मिळाली नाहीत तर ती वस्तू बाजूला ठेवावी. तिच्याऐवजी दुसरी, मुक्त अशी, बहुधा मिळतेच.

२६ जानेवारीला झेंडावंदनानंतर वाटप झाले. भेटीसोबतचे मराठी माहितीपत्रक एका मुलाने सर्वांसमोर वाचून दाखविले. त्यात अमेरिका, फ्रान्स आणि मुंबई येथील मंडळींची नावे होती. शेवटचे नाव आमच्याच सातवीतील मुलीचे आले, तेव्हा मागे उभे असलेले तिचे वडील किंचित पुढे सरकले आणि टोपी सारखी करून उभे राहिले.